हाडाची मुदत

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी कागलकडचे माझे मामा मानेला पट्टा बांधून आमच्या घरी आले. साठी उलटली तरी उसाची मोळी डोक्यावर घेऊन शेताबाहेर काढणारा हा माणूस. तरुणपणी गावच्या तालमीत लाल माती अंगाला लावलेली, मान अशी की दोन्ही हातांच्या कवेत मावू नये. त्याच मानेला कापडाचा आधार पाहून घरातली मंडळी क्षणभर गप्प झाली.

सहा महिन्यांपासून मामांच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. आधी गावात कोणी म्हणाले, मणक्यात गॅप आहे. कोणी म्हणाले, नस दबली आहे. मग विळा हातातून गळू लागला, सदऱ्याचे बटण लागेना आणि बांधावरून चालताना पाय अडखळू लागले. तेव्हा कोठे तपासणी झाली. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती मागे सरकून मज्जारज्जूवर दाबली गेली होती. डॉक्टरांनी सांगितले, पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया करून ती चकती काढावी लागेल आणि ते दोन मणके एकमेकांशी कायमचे सांधून टाकावे लागतील.

रात्री फराळाच्या भाजणीचा वास घरभर पसरला होता आणि माजघरात वाद पेटला होता. आमची आजी, म्हणजे मामांची आई, पंच्याऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, "मानंला सुरी लावून घेऊ नगंस, लेका. आमच्या म्हायेरला एक गडी आंब्यावरनं पडला हुता. गाडीतनं मिरजंला न्हेला आन् गाडीतनंच परत आणला. पुन्यांदा काय उठला न्हाई." मामांचा थोरला मुलगा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कामाला. तो हसून म्हणाला, "आज्जी, तुझा काळ गेला. आता तिसऱ्या दिवशी घरी सोडतात. आण्णा, पंधरा दिवसांत तुमी मोटरसायकलवरनं उसात जाताय बघा!"

मामांनी दोघांचे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून विचारले, "मास्तर, तुमी पुस्तकं वाचता. खरं कुणाचं? आईचं का पोराचं?"

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. पुढे सुटीत मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, मिळाले ते वाचले. तेव्हा कळले की आजी आणि नातू दोघेही खरे बोलत होते. फक्त दोघे दोन निरनिराळ्या काळांविषयी बोलत होते, आणि त्या दोन काळांच्या मध्ये एक मोठा इतिहास होता. तोच आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

* * *

मान म्हणजे सात मणक्यांची उतरंड. तिच्यावर चार-पाच किलोचे डोके तोललेले आणि तिच्या पोकळीतून साऱ्या शरीराला हुकूम पोचविणारा मज्जारज्जू गेलेला. छातीतल्या श्वासाची दोरीसुद्धा याच वाटेने जाते. घराची तुळई मोडली तर घर खचते. मान मोडली तर घरातला दिवाच विझतो. म्हणून जुन्या वैद्यांनी या जागेला फार भिऊन हात लावला.

इजिप्त देशात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिलेली एक वैद्यकाची गुंडाळी आहे. एडविन स्मिथ नावाच्या गृहस्थाने ती 1862 साली विकत घेतली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तीत जखमांची एकामागून एक प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी वैद्याचा निकाल आहे. मानेचा मणका निखळून हातापायांतले भान गेलेल्या माणसाचा निकाल एका वाक्याचा आहे: यावर उपचार करू नये. बरे होण्याची अपेक्षा काय, या प्रश्नाचे हे सर्वांत जुने उत्तर.

आपल्या सुश्रुताने थोडे पुढचे पाऊल टाकले. मान वळून किंवा आत दबून बसली असेल तर मानेमागची खोबण आणि हनुवटी यांना धरून रुग्णाला वर उचलावे, सारख्या कामट्या लावून पट्ट्याने वेष्टावे आणि सात रात्री उताणे निजवून ठेवावे, असे तो सांगतो. वर उचलणे, बांधणे आणि हलू न देणे या तीन गोष्टी त्याने ओळखल्या. याहूनही मला महत्त्वाची वाटली ती त्याच प्रकरणातली दुसरी एक सूचना. तुटलेले स्थिर व्हावयास तरुणपणी एक महिना लागतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट, असा हिशेब तो देतो. एक, दोन आणि तीन महिने! हाडाला स्वतःची एक मुदत असते आणि ती वैद्याच्या हातात नसते, हे इतक्या जुन्या काळी आपल्याकडे लिहून ठेवले गेले. पुढे आपल्याला या हिशेबाकडे परत यावयाचे आहे.

* * *

आमच्या कोल्हापुरात हाडांचे वैद्यक तालमीत वाढले. पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीला वस्ताद. शाहू महाराजांनी रोमचे जुने क्रीडागार पाहून आल्यावर खासबागेचे मैदान बांधविले, ते 1912 साली खुले झाले. जेथे कुस्ती तेथे निखळलेले खांदे आणि लचकलेल्या माना ठरलेल्याच. त्या बसविणे हे वस्तादाचे आणि हाडवैद्याचे काम. हळदीचा लेप, बांबूच्या कामट्या, तेलाची मालीश. हातापायांच्या हाडांवर या मंडळींचा हात चांगला चाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मान ही वेगळी चीज. मज्जारज्जूवर आधीच दाब असताना झटका देऊन मान 'मोकळी' करावयास गेले, तर मुंग्यांचा रोगी अंथरुणाला खिळू शकतो. मातीतल्या जाणत्या वस्तादांनी मानेला हात लावण्याचे टाळले असेल तर ते भित्रेपणाने नव्हे, शहाणपणाने.

वस्तादाच्या हाताबाहेरचे दुखणे मग मिरजेला जाई. 1891 साली कोल्हापूर-मिरज आगगाडी सुरू झाली आणि 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस या कॅनेडियन मिशनरी डॉक्टराचे रुग्णालय मिरजेत उभे राहिले. दक्षिण महाराष्ट्रात 'मिरजेला न्या' हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा. त्यात जितकी आशा होती तितकीच भीती होती, कारण मिरजेला नेण्याची वेळ येई ती फार उशिरा, गावातले सारे उपाय थकल्यावर.

आणि योगायोग असा, की आमच्याकडे आगगाडी आली त्याच 1891 साली अमेरिकेत टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन गावी बर्टहोल्ड हाड्रा नावाच्या शल्यविशारदाने मान मोडलेल्या एका माणसाच्या मणक्यांची मागची टोके धातूच्या तारेने एकमेकांशी बांधली. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून चार वर्षे होती. आतले काही दिसत नसताना बोटांनी चाचपून केलेले हे धाडस. तारेने बांधले तरी हाड हाडाशी एकजीव झाले नव्हते. गाठ मारली होती, सांधा जुळला नव्हता.

तो जुळविण्याची युक्ती 1911 साली न्यू यॉर्कमध्ये दोघांनी वेगवेगळी सांगितली. एक रसेल हिब्ज, दुसरे फ्रेड आल्बी. दोघांपुढे प्रश्न होता मणक्याच्या क्षयाचा. क्षयाने मणके पोखरून मुलांच्या पाठीला पोक येई, पाय लुळे पडत. हिब्ज यांनी मणक्यांच्या मागची हाडेच सोलून एकमेकांवर बसविली. आल्बींनी रुग्णाच्या नडगीतून हाडाची पट्टी काढून ती मणक्यांत रोवली. हे आल्बी लहानपणी आपल्या आजोबांबरोबर फळझाडांची कलमे बांधीत असत, आणि हाडाचे कलम करण्याची कल्पना त्यांना तेथूनच सुचली.

ज्याने आंब्याचे कलम बांधले आहे त्याला ही शस्त्रक्रिया समजावून सांगण्याची गरज नाही. फांदीला फांदी लावायची, घट्ट बांधायची आणि वाट पाहावयाची. दोरी कितीही चांगली असली तरी कलम दोरीने धरत नाही. ते आतल्या रसाने धरते. दोरीचे काम एवढेच, की धरेपर्यंत काही हलू द्यावयाचे नाही.

* * *

मग त्या काळी ही दोरी कोणती होती? तर खाट. रुग्णाला पाठीवर निजवायचे, अंगाभोवती प्लास्टरचा अंगरखा घालायचा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवायच्या आणि हाड धरेपर्यंत त्याने छताकडे पाहत राहावयाचे. आठवड्यांचा हिशेब पुष्कळदा महिन्यांवर जाई. 1933 साली अमेरिकेत क्रचफील्ड यांनी कवटीच्या हाडात बसणारा एक चिमटा काढला. त्याला दोरी बांधून खाटेच्या डोक्याकडून वजने सोडली की मान ताणलेली राही. निखळलेले मणके जागेवर आणण्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली, पण रुग्ण मात्र खाटेला अधिकच बांधला गेला.

महिनोन् महिने पडून राहणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात झाले आहे त्यांनाच ठाऊक. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, लघवीचा त्रास सुरू होतो, अंगावरचे मांस झडून जाते. पुष्कळ रोगी मानेने मेले नाहीत, खाटेने मेले. आजीच्या माहेरचा तो गडी याच काळातला. त्याच्या घरच्यांना शस्त्रक्रिया दिसली नाही, क्षय की मोड हे कळले नाही. त्यांना गाडीतून गेलेला आणि गाडीतून आलेला माणूस तेवढा दिसला. आजीचे शब्द अडाणीपणाचे नव्हते. ती तिच्या काळाची खरी साक्ष होती.

आजीची ही साक्ष पहिल्याने खोटी पडू लागली ती 1950 नंतरच्या दहा वर्षांत. तोवर मानेत शिरण्याची वाट मागून होती. जाड स्नायू बाजूला करून, मज्जारज्जूच्या अंगावरून जावे लागे. 1955 साली बाल्टिमोरच्या रॉबिन्सन आणि स्मिथ या डॉक्टरांनी पुढची वाट दाखविली. एका बाजूला श्वासनलिका आणि अन्ननलिका, दुसऱ्या बाजूला मोठी रक्तवाहिनी, यांच्या मधल्या फटीतून शिरले की स्नायू न कापता थेट मणक्यापाशी जाता येते. बिघडलेली चकती काढायची आणि त्या जागी कमरेच्या हाडाचा लहानसा तुकडा ठोकून बसवायचा. 1958 साली होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी याच वाटेची आपली पद्धत प्रसिद्ध केली. 1941 साली पर्ल हार्बरवर बाँब पडले तेव्हा जखमींच्या डोक्यांवर शस्त्रक्रिया करणारे ते हेच क्लोवर्ड. हाडाचा तुकडा दोन मणक्यांच्या मध्ये पाचरीसारखा दाबून बसत असल्यामुळे रुग्णाला लवकर उठविता येऊ लागले. खाटेच्या जागी गळ्याचा पट्टा आला.

त्याच सुमारास, 1959 साली, कॅलिफोर्नियाच्या पेरी आणि निकेल या डॉक्टरांनी आणखी एक साधन प्रसिद्ध केले. पोलिओने ज्यांच्या मानेचे स्नायू मेले होते, ज्यांना डोके सावरता येत नव्हते, अशा रुग्णांची मान सांधताना त्यांनी कवटीभोवती धातूचे कडे स्क्रूंनी बसविले आणि ते दांड्यांनी छातीवरच्या प्लास्टरला जोडले. देवाच्या चित्रात मस्तकामागे वलय असते तसे ते दिसे, म्हणून त्याला इंग्रजीत त्याच अर्थाचे 'हेलो' हे नाव पडले. दिसावयास भयंकर, पण ते घालून माणूस बसू शके, चालू शके. रुग्णाने महिने काढायचे ते अजूनही काढायचेच, पण उभ्याने.

पडून राहण्याचाच जोर किती, याची परीक्षाही पुढे झाली. दक्षिण कोरियात ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मदतीने पाठ-कंबरेच्या मणक्यांच्या क्षयाचे रुग्ण अभ्यासले गेले. मसान गावी काहींना महिनोन् महिने रुग्णालयात निजवून आणि काहींना घरी हिंडते-फिरते ठेवून तीच औषधे दिली; पुसान गावी काहींना प्लास्टरचा अंगरखा घातला, काहींना घातला नाही. 1973 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधे नीट घेतली तर निजून राहण्याने किंवा प्लास्टरने अधिक लाभ झालेला दिसला नाही. मानेचा प्रश्न याहून नाजूक, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा मानेला लावता येत नाही. पण अंथरूण हेच औषध, या शेकडो वर्षांच्या समजुतीला तडा गेला तो असा.

* * *

राहिला होता मानेतला सर्वांत अवघड कोपरा, अगदी वरचे दोन मणके. कवटी ज्यावर टेकते तो पहिला, आणि त्याच्या खालचा दुसरा. आपण 'नाही' म्हणून मान हलवितो त्या हालचालीचा जवळजवळ अर्धा भाग या दोघांच्या सांध्यात होतो. जन्मजात दोषाने, अपघाताने, संधिवाताने किंवा क्षयाने हा सांधा सैल झाला तर पहिला मणका पुढे घसरतो आणि मेंदूच्या देठापाशीच दाब येतो. भारतात असे रुग्ण पुष्कळ दिसतात. 1939 साली कॅनडाच्या गॅली यांनी हे दोन मणके तारेने बांधून मध्ये हाड बसविण्याची रीत सांगितली होती आणि पुढे अनेक वर्षे तीच चालली. पण तार फिरणे पुरते थांबवीत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही डोक्याला कडे किंवा प्लास्टर लावून तीनेक महिने काढावे लागत, आणि एवढे करूनही काहींचे हाड धरत नसे.

या कोपऱ्याचा उलगडा परदेशात झाला नाही, मुंबईत परळला झाला. 1926 साली सुरू झालेले के.ई.एम. रुग्णालय आपल्या सर्वांच्या ओळखीचे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सोलापूर येथून एस.टी.ने आणि रेल्वेने आलेले गरीब रोगी तेथल्या व्हरांड्यात नंबर लावून बसलेले असतात. तेथील मेंदूशल्यविशारद डॉ. अतुल गोयल यांनी 1988 पासून एक नवी रीत सुरू केली. पहिल्या मणक्याच्या दोन्ही बगलांत स्क्रू, दुसऱ्या मणक्यात स्क्रू, आणि दोहोंना जोडणारी धातूची पट्टी. तारेने बाहेरून आवळण्याऐवजी सांध्यापाशीच खिळून टाकायचे. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तेथून बोटाच्या पेराइतक्या अंतरावर, त्यामुळे हात किती स्थिर हवा याची कल्पना यावी. डॉ. लाहेरी यांच्याबरोबर त्यांनी ही रीत 1994 साली व्हिएन्नाहून निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. 2002 साली 160 रुग्णांचा अनुभव मांडला. मध्यंतरी 2001 साली जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी पट्टीऐवजी दांड्या वापरून त्याच तत्त्वाची शस्त्रक्रिया सांगितली आणि ती जगभर पसरली. आज ती गोयल आणि हार्म्स या दोघांच्या जोडनावाने ओळखली जाते. परळच्या सार्वजनिक रुग्णालयातल्या खाटांवरून निघालेली गोष्ट जगाच्या शस्त्रक्रियागृहांत पोचली, याचा मराठी वाचकाने अभिमान बाळगावयास हरकत नाही.

खालच्या मणक्यांच्या बाबतीतही हेच घडले होते. 1960 नंतरच्या दशकात युरोपात पुढून धातूची पट्टी बसविण्यास आरंभ झाला आणि 1980 नंतर तिचा प्रसार झाला. पुढे टायटॅनियम आले. 'प्लेट टाकली' हा शब्द आमच्या गावोगावच्या पारांवर आला तो येथून. कलमाची दोरी आता खाटेची राहिली नाही, प्लास्टरचीही राहिली नाही. ती मानेच्या आत गेली. आणि दोरी आत गेल्याबरोबर माणूस मोकळा झाला. साध्या एका जोडाच्या शस्त्रक्रियेत पट्टी घातलेली असेल तर बाहेरून गळ्याचा पट्टा लावून अधिक लाभ होत नाही, अशी अमेरिकेतली पाहणी 2009 साली प्रसिद्ध झाली. तरीही कोणाला पट्टा लावावा आणि किती दिवस, हे ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवितात.

* * *

म्हणजे नातू जिंकला म्हणावे काय? येथेच खरी मेख आहे.

पुढून केलेल्या एका जोडाच्या शस्त्रक्रियेनंतर आज रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी चालतो आणि दोन-तीन दिवसांत घरी येतो. काही दिवस घास गिळताना घसा दुखतो, आवाज थोडा बसतो. हाताची ठणक पुष्कळांची लवकर थांबते. बसून काम करणारा माणूस दोन ते सहा आठवड्यांत कामावर जातो. येथवर नातवाचे सारे खरे. पण हाड? ते धरावयास तीन महिने, सहा महिने, काही वेळा वर्षही लागते. टायटॅनियमची पट्टी आली, कवटीला छिद्र न पाडता आतले दाखविणारे एम.आर.आय. यंत्र आले, पण हाडाने आपली मुदत कमी केली नाही. सुश्रुताने उतारवयाला तीन महिने दिले होते. मामांच्या डॉक्टरांनीही तीनच महिने ओझे उचलू नका म्हणून सांगितले. इतक्या शतकांनंतर हिशेब तोच!

बदलले आहे ते एवढेच, की पूर्वी ही मुदत माणूस खाटेवर काढी, आज तो घरात हिंडून-फिरून काढतो. आणि यातच धोका आहे. खाटेवरच्या माणसाला आपण आजारी आहोत हे विसरता येत नसे. आजच्या माणसाला ते तिसऱ्या आठवड्यातच विसरता येते. दुखत नाही, गळ्यावर बोटभर खूण राहिली आहे, शेजारीपाजारी 'बरे झालात' म्हणत आहेत. मग एखादे पोते उचलले जाते, खड्ड्यातून मोटरसायकल घातली जाते. तंबाखूही सुटत नाही. निकोटिन हाड धरण्याच्या आड येते, हे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात, पण शस्त्रक्रियेआधी पाया पडणारा माणूस महिन्याभराने विडीचे बंडल शोधू लागतो.

आणखी दोन गोष्टी नातवाच्या हिशेबात नसतात. एक म्हणजे मज्जारज्जूची. हाडाला मुदत तरी असते, मज्जारज्जू तीही देत नाही. दाब फार दिवस राहिला असेल तर तो काढल्यावरही गेलेली सारी शक्ती परत येईलच असे नाही. पुष्कळदा शस्त्रक्रियेचा पहिला हेतू आहे ते राखणे हाच असतो, आणि जे परत येते ते वर्ष-वर्ष थोडेथोडे येते. आजीच्या भीतीपायी जे घरी बसून राहतात त्यांचे नुकसान येथे होते. भीतीने काढलेले सहा महिने पुढे कोणतीही पट्टी भरून देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट शेजारच्या मणक्यांची. दोन मणके एक झाले की त्यांच्या वाटणीचे वाकणे-वळणे वरच्या-खालच्या मणक्यांवर पडते. 1999 साली अमेरिकेत 374 रुग्णांचा दीर्घकाळचा हिशेब प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत सुमारे चौघांत एकाला शेजारच्या जोडाचा त्रास होईल, असा त्यातला अंदाज होता. त्यातला किती सांधण्यामुळे आणि किती वयामुळे, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. घर बांधून झाले तरी दरवर्षी कौले चाळावीच लागतात, तशी ही मान जन्मभर सांभाळावी लागते एवढे खरे.

* * *

मामांना मी हे सारे जमेल तसे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे आईचं भ्या बी जुनं आन् पोराची घाई बी खुळी." मार्गशीर्षात त्यांची शस्त्रक्रिया झाली. नातवाने सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ते घरी आले. पण पुढचे तीन महिने आजी त्यांच्या खाटेपाशी काठी घेऊन बसल्यासारखी बसली. गळीत हंगाम ऐन भरात होता, उसाच्या गाड्या दारावरून जात होत्या, आणि साखर कारखान्याचा भोंगा ऐकला की मामा उठून उभे राहत. "बस खाली," आजी म्हणे. "कलम धरंस्तवर आंब्याला हात लावतोस व्हय?" आंब्यावरून पडलेल्या गड्याची गोष्ट सांगणाऱ्या आजीच्या तोंडी ही उपमा कोठून आली, ते मला ठाऊक होते, मीच तिला सांगितली होती.

पाडव्यानंतर काढलेल्या क्ष-किरणाच्या फोटोत दोन मणक्यांच्या मध्ये धूसर पांढरी रेघ दिसली. डॉक्टर म्हणाले, धरते आहे. पायांचे अडखळणे थांबले आहे. सदऱ्याचे बटण मामा आता स्वतः लावतात, वेळ लागतो पण लावतात. दोन बोटांच्या टोकांना अजून बधिरपणा आहे आणि तो कदाचित राहील. मोळी डोक्यावर घेण्याचे त्यांनी सोडले ते कायमचे. यंदा ते बांधावर बसून गाड्यांचा हिशेब लिहितात, आणि तंबाखूची चंची खुंटीला टांगलेलीच आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर डॉक्टरांना 'कधी घरी सोडाल?' एवढेच विचारून थांबू नका. हाड धरावयास किती दिवस लागतील, त्या दिवसांत काय करावयाचे नाही, आणि गेलेल्यातले काय परत येणार नाही, हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून मन हलके होते. पुढच्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर घरातल्यांनी वर्षभर वागावयाचे असते. आणि घरात एखादी आजी असेल तर तिला खाटेपाशी जरूर बसवा.